मास्तरांचं पोरगं

मगदूमांनी प्रूफ माझ्यापुढं ठेवलं आणि मी माझ्या पुस्तकाचं नाव शोधायला लागले. सगळ्यात वर गणपती होता. गणपतीखाली आमच्या अण्णांचा फोटो, भोवती किरणं सोडलेली. त्याच्या खाली ओळीनं आमचं अख्खं गणगोत: चुलते, चुलतभाऊ, जावई, आत्याचे दोघे, आणि कोपऱ्यात सोसायटीचे चेअरमन, ज्यांचा आमच्याशी काडीचा संबंध नव्हता. पुस्तकाचं नाव पार तळाला होतं. त्याच्याही खाली बारीक अक्षरांत 'शब्दांकन : सौ. शालन' एवढं माझं नाव.

"मगदूमकाका, ही लग्नपत्रिका झाली," मी म्हटलं.

मगदूमांचा आटपाडीत छापखाना होता. हयातभर त्यांनी पत्रिकाच छापलेल्या, त्यामुळे त्यांना त्यात काही वावगं दिसेना. वर्षश्राद्धाचं पुस्तक असंच असतं म्हणाले. हवं तर गणपती काढून विठ्ठल घालतो म्हणाले.

आमच्याकडे माणूस जाऊन वर्ष झालं की कीर्तन ठेवतात, जेवण घालतात आणि आलेल्याच्या हातात काहीतरी देतात. पूर्वी स्टीलची वाटी द्यायचे. मग पुस्तक द्यायची टूम निघाली, बहुतेक अभंगांचं नाहीतर आरत्यांचं. मी अण्णांवर आणि त्यांच्या बँडवर पुस्तक लिहिलंय हे कळल्यावर माझा थोरला भाऊ भानुदास म्हणाला, दुसरं कशाला, हेच वाटू. छपाईचं सगळं तो बघणार होता. आईला तर ते इतकं पटलं की तिनं चार गावांत सांगूनसुद्धा टाकलं.

अण्णा म्हणजे ज्ञानोबा गेजगे. आमचं घर पिढ्यान्‌पिढ्या वाजवणारं. अण्णांनी सनई ठेवून क्लारनेट हातात घेतली, लाल कोट शिवले, बँड उभा केला, तेव्हापासून त्यांना सगळे मास्तर म्हणायचे. त्या भागात मास्तरांचा बँड मिळावा म्हणून लोक लग्नाची तारीख पुढंमागं करत. हे मी मुलगी म्हणून सांगत नाही.

छापखान्यात माझ्याबरोबर तात्या होते. तात्या अण्णांचे धाकटे भाऊ, बँडमधले जुने ट्रम्पेटवाले, आणि अण्णांच्या माघारी घरातले वडीलधारे. त्यांची सगळी काळजी फोटोंच्या रांगांची होती. आपल्या धाकट्या मुलीचा नवरा दुसऱ्या ओळीत कसा गेला यावरून त्यांनी मगदूमांना फैलावर घेतलं होतं. भानूदादा दाराला टेकून मोटरसायकलची किल्ली बोटात फिरवत उभा होता. त्या किल्लीच्या आवाजानं माझं डोकं आणखी उठलं.

फोटो एकदाचे लागले. मग तात्या माझ्याकडं वळले.

"आणि पोरी, त्ये नवरीच्या चालीचं प्रकरण. म्या वाचून घेतलं. त्यात जिथं जिथं शालन हाय, तिथं भानू कर. बाकी एक अक्षार हलवू नगंस."

मी भानूदादाकडं पाहिलं. तो हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. किल्ली मात्र थांबली होती.

ते प्रकरण म्हणजे माझ्या लेखी पुस्तकाचा जीव. अण्णांनी पहिल्यांदा क्लारनेट दिली ती भानूदादाच्या हातात. पण त्याला सूर धरवेना. ताल पक्का, ढोल असा वाजवायचा की बघत राहावं, पण फुंकून वाजवायचं काही हातात आलं की नुसती हवा जायची. माझं उलटं होतं. अण्णा शिकवायचे त्याला आणि चूल फुंकता फुंकता ऐकून वाजवायचे मी. शेवटी एका सीझनला अण्णांनी भानूदादाचा कोट माझ्या अंगात घातला, केस वर बांधून टोपी कपाळावर ओढली आणि मला बँडमध्ये उभं केलं. भानूदादा ढोलावर गेला. ढोलवाल्याचं नाव कोण विचारतो. क्लारनेट वाजवतो तो कोण विचारलं की अण्णा सांगायचे, माझं पोरगं, भानुदास.

मी मोठी होईपर्यंत वाजवलं. नवरी निघाली की एक चाल मी वाजवायचे, माझी मीच बसवलेली. ती सुरू झाली की बायका तर रडायच्याच, पण मुलाकडचे बापेसुद्धा उपरण्यानं डोळे पुसायचे. 'मास्तरांचं पोरगं रडवतंय' असं झालं होतं. नवरीची चाल होणार का, हे सुपारी देतानाच लोक विचारायचे. मी टोपीखालून सगळं बघायचे आणि मनात म्हणायचे, तुम्हाला काय माहीत कोण वाजवतंय. त्या वयात मला त्याची मोठी गंमत वाटायची. बँडवाले मांडवाबाहेर, उन्हात, शेवटच्या पंगतीला. मला मात्र कुठली तरी बाई हटकून आत बोलवायची, मागच्या खोलीत बसवायची, पाणी द्यायची. मी लहान दिसते म्हणून असेल, असं मी समजायचे.

मग स्थळं यायला लागली. बँडमध्ये पोरगी वाजवते म्हटल्यावर कोण करून घेणार? एका सीझनला मी घरी राहिले आणि गावोगाव सांगितलं गेलं की भानूला दाताचं दुखणं झालंय, आता क्लारनेट बंद. माझं लग्न होऊन मी सांगलीला गेले, पुढं पोस्टात लागले. भानूदादानं बँड सांभाळला. पुढं माहेरी आले की लोकांच्या तोंडून ऐकू यायचं, क्लारनेटमास्तर आले, क्लारनेटमास्तर गेले. भानूदादाला ते नाव पडलं होतं. तोही मान हलवायचा. ते ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. वाजवलं मी आणि मिरवतोय हा. त्याला बोलले कधी नाही, पण पुस्तक लिहायला बसले तेव्हा सगळ्यात आधी तेच प्रकरण लिहिलं.

"तात्या, माझंच नाव काढायचं तर ते पुस्तक माझं कसं?" मी विचारलं.

तात्या चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. मगदूमांना ऐकू जाऊ नये म्हणून ते जवळ आले.

"मास्तर देवमाणूस हुता म्हणून लोकं येणार हायती. त्या दिशी त्यांच्या हातात काय द्यायचं, की ह्या माणसानं तुम्हांस्नी इतकी वर्सं फसवलं? पोरीला पोरगं म्हणून उभी केली? इचार कर."

उद्या सांगते म्हणून मी बाहेर आले. रस्त्यावर ऊन मी म्हणत होतं आणि पिशवीतला फोन वाजायला लागला. पुण्याचे सोनटक्के होते.

सोनटक्के प्रकाशक. मी त्यांना पुस्तक पाठवलं होतं ते कुणाला न सांगता, आणि ते होकार देतील अशी मला आशाही नव्हती. त्यांनी आदल्या आठवड्यात होकार दिला होता. ते नवरीच्या चालीचं प्रकरण त्यांनी दोनदा वाचलं म्हणे. त्याला हात लावायचा नाही, उलट तेच पहिलं ठेवायचं, असं त्यांचं मत. अट एकच होती, पुस्तक आधी कुठंही छापलेलं चालणार नाही. वाटायला छापलेलंसुद्धा नाही. आता ते विचारत होते की त्यांच्या यंदाच्या पुस्तकांची यादी सोमवारी पक्की होते, तर तुमचं धरू ना?

धरा, असं माझ्या जिभेवर आलं होतं. मी म्हणाले, सोमवारी सकाळी कळवते.

पोस्टाच्या खिडकीतून मी आयुष्यभर दुसऱ्यांची पार्सलं सरकवली होती. माझं नाव असलेलं पुस्तक पुण्याच्या दुकानात मांडलेलं, कुणी तरी ओळखपाळख नसताना ते विकत घेतंय, हे मी इतक्या वेळा मनात पाहिलं होतं की ते झाल्यासारखंच वाटत होतं. ते सोडायचं आणि त्याच्या बदल्यात काय, तर चेअरमनच्या फोटोखाली 'शब्दांकन'. वर पुन्हा खोटं. आणि तरी पाय निघत नव्हता, याचं कारण तात्या नव्हते, आईही नव्हती. पुण्याच्या वाचकांना मास्तर कोण, ती चाल कसली, हे थोडंच ठाऊक? ज्यांनी ती ऐकली होती, ज्यांच्या नवऱ्या त्या चालीवर निघाल्या होत्या, ती माणसं आटपाडी-दिघंचीच्या पलीकडं राहणारी. ती पुण्याच्या दुकानात कशाला जातात? आणि वर्षश्राद्धाला तीच येणार होती. मी छापखान्यापासून स्टँडपर्यंत चालत गेले आणि तशीच परत आले. एका ठिकाणी उभं राहवत नव्हतं.

संध्याकाळी घरी आई जेवणावळीचे गहू निवडत बसली होती. मी तिच्या सुपात हात घातला पण खडे सोडून गहूच बाहेर टाकत होते, तेव्हा तिनं सूप ओढून घेतलं. मी तिला सगळं सांगितलं, पुण्याचंही. तिला पुण्याचं नीट कळलं नाही. विकायचं पुस्तक आणि वाटायचं पुस्तक यात वाटायचं मोठं, अशी तिची समजूत, आणि तिच्या बाजूनं ती खरीच होती. तात्यांचं म्हणणं चूक की बरोबर हे तिनं सांगितलं नाही. मग मी जरा आवाज चढवून म्हणाले की दादाला तरी काय म्हणायचंय ते त्यानं तोंडानं सांगावं, इतकी वर्षं दुसऱ्याच्या नावावर जगल्यावर ते नाव सोडवत नसेल तर तसं सांगावं.

आईचे हात थांबले.

"तू सांगलीला गेलीस," ती म्हणाली. "त्यो हितंच ऱ्हायला."

म्हणजे काय, असं मी विचारलं, पण ती पुन्हा गव्हाकडं वळली. मला वाटलं, लेकाची बाजू घेतेय. आयाबाया लेकाचीच बाजू घेतात, त्यात नवल नव्हतं. बाहेर सोप्यावर भानूदादा ढोलाच्या दोऱ्या आवळत होता आणि मी त्याच्या समोरून पाणी प्यायला गेले तरी बोलले नाही.

सकाळी मी पिशवी भरली. पुण्याला होकार द्यायचा असं मी ठरवून टाकलं होतं, निदान मनाला तसं बजावलं होतं. बसला सोड एवढं मी भानूदादाला म्हटलं. तो म्हणाला सोडतो, पण वाटेत एक सुपारी आहे, नवरदेव मारुतीला गेला की मी मोकळा. बँडची पोरं आधीच टेम्पोनं पुढं गेली होती. मी त्याच्या मागं बसले आणि वाटभर त्याच्या लाल कोटाच्या उसवलेल्या खांद्याकडं बघत राहिले.

लग्नघर वाडीतलं होतं. शाळेच्या पटांगणात मांडव, दारात फेट्यांची गडबड. मी बायकांच्या घोळक्यात लिंबाखाली उभी राहिले. मला तिथं कुणी ओळखत नव्हतं. भानूदादानं ढोल गळ्यात घातला, हात वर केला आणि बँड सुरू झाला. क्लारनेटवर सांगोल्याकडचा एक भाड्यानं आणलेला माणूस होता, बरा वाजवत होता. नवरदेव घोड्यावर बसला. वरात मारुतीच्या दिशेनं जेमतेम हलली असेल, तेवढ्यात पिवळा पटका बांधलेला एक म्हातारा आडवा आला आणि त्यानं काठी वर करून बँड थांबवला.

"क्लारनेटमास्तर," तो भानूदादाला म्हणाला, "नवरीची चाल हुंद्या की."

मला वाटलं, आता दादा काय बढाई मारतो ते ऐकू या.

"दात दुखतुया, बापू," भानूदादा म्हणाला.

"किती वर्सं दुखतुया रं त्यो दात? काढून टाक की."

"काढल्याला हाय," मागून दुसरा कुणी ओरडला. "सांगलीला नांदतुया त्याचा दात."

सगळी वरात हसली. घोड्यावरचा नवरदेवसुद्धा हसला. भानूदादाही हसला, मान खाली घालून, आणि टिपरी हातात फिरवत म्हातारा बाजूला व्हायची वाट बघत राहिला. हे नेहमीचं असावं, कारण बँडवाल्यांपैकी कुणीही वर बघितलं नाही. माझ्या शेजारच्या बाईनं तोंडाला पदर लावला होता. ती मला सांगायला लागली, कारण मी एकटीच हसत नव्हते.

"ह्याची भन वाजवायची, मास्तरांची पोरगी. ह्यो म्हनायचा मीच वाजवत हुतो. म्हनून सारी त्याची मजा करत्यात. दर लग्नात."

माझे कान तापले. बँड पुन्हा सुरू झाला, वरात पुढं गेली आणि मी लिंबाखाली एकटी राहिले. मागच्या खोलीत बोलवून पाणी देणाऱ्या त्या सगळ्या बायका मला एकदम दिसायला लागल्या. एकीनं तर दाराला कडी लावून बाहेर पहारा दिला होता. कोट घालून बसलेल्या पोराला दाराला कडी कशाला?

भानूदादा परत आला तेव्हा घामानं निथळत होता. त्यानं ढोल मोटरसायकलला टेकवून ठेवला आणि माझ्याकडं पाहिलं.

"आईकलंस?"

"सगळ्यांना माहीत आहे?"

"तवाच म्हाईत हुतं. शाले, पंधरा वर्साची पोरगी कोटात लपती व्हय? तुझं लगीन हुईस्तवर कुणी तोंड उघडलं न्हाई, एवढं मातूर खरं. एका माणसानं न्हाई. तू गेलीस आन मग मला धरला."

मी त्याला विचारलं की मग तू सरळ सांगून का नाही टाकलंस, मी नव्हतो वाजवत म्हणून.

"अण्णांनी शबूद घेतला हुता. कुणी काय बी म्हणू दे, मी वाजवत हुतो म्हणायचं. तवा तुझ्या सासरी आजूक कळायचं हुतं." त्यानं कोटाची बटणं काढली. "मग म्हणत ऱ्हायलो. लोकं इचारायची, मी म्हणायचो मीच. ती हसायची. सुपारी घ्यायला गेलो तरी आधी हसून घेत्यात."

तात्यांना हे ठाऊक नाही का, असं मी विचारलं. तो म्हणाला, तात्यांनी तुझ्या लग्नाआधीच बँड सोडलेला, त्यांना अजून वाटतं हे घरातच राहिलंय, आणि या वयात त्यांना कोण सांगणार. त्याला बोलायची सवय नव्हती, आणि मी इतकी वर्षं त्याच्या न बोलण्याचा माझ्या मनासारखा अर्थ लावत आले होते.

"पुण्याचं आय बोलली मला," तो म्हणाला. "पुण्यात छाप, मी आडवा येत न्हाई. पर त्या लोकांस्नी भानू काय आन शालन काय. हितं छापलंस, हाय तसं, तर मी माझ्या हातानं वाटीन. मी वाटलं म्हंजी म्याच कबूल केलं. मग कुणाला हसायला काय ऱ्हाईल?"

"आणि अण्णांचा शब्द?"

"अण्णा आता न्हाईत," तो म्हणाला. "आन तुझं लगीन बी आता मोडत न्हाई."

मी त्या दिवशी सांगलीला गेले नाही. पण लगेच हो म्हणाले असंही नाही, हेही सांगायला हवं. रविवारचा उरलेला दिवस मी नुसती घरात-बाहेर करत होते. माझ्या पुस्तकाचा मला लोभ होता. चांगलं पुस्तक होतं ते, आणि पुन्हा तसं माझ्या हातून होणार नाही हे मला ठाऊक होतं. दादासाठी ते सोडून द्यायचं आणि तेही पत्रिकांच्या कागदावर, या विचारानं मला चक्क रडू आलं. मागच्या दारी जाऊन रडले, तोंड धुतलं आणि परत आले.

सोमवारी सकाळी मी सोनटक्क्यांना नाही म्हणाले. कारणही सांगितलं. ते भले गृहस्थ होते, त्यांनी ऐकून घेतलं.

"बाई, तुमचा निर्णय," ते म्हणाले. "पण एक सांगतो, वाटलेलं पुस्तक कोणी वाचत नाही. तुमचं ते प्रकरण त्या गावात एकही माणूस वाचणार नाही."

हे मी भानूदादाला जसंच्या तसं सांगितलं. कारण ते खरं होतं. पोस्टात माझ्या टेबलाच्या खणात असली वाटलेली पुस्तकं होती, एकही मी उघडलं नव्हतं. तसंच झालं तर माझं पुस्तक तर जाणारच आणि त्याची थट्टाही तशीच राहणार. भानूदादानं ऐकलं आणि तो मोटरसायकल काढून मगदूमांकडं गेला.

प्रकरण आहे तसं राहिलं. 'शब्दांकन' गेलं. पुस्तकाचं नाव वर आलं. फोटोंची रांग मात्र आतल्या पानावर टिकली, तिथं माझं काही चाललं नाही. तात्यांना कळलं तेव्हा त्यांनी भानूदादाशी बोलणं टाकलं आणि पुस्तकातून स्वतःचा फोटो काढून टाकायला लावला. मगदूमांनी त्या रिकाम्या जागी, आम्हाला न विचारता, एक समई छापली.

वर्षश्राद्धाला मांडव भरला. आजूबाजूच्या वाड्यांची माणसं, जुने बँडवाले, ज्यांच्या घरची लग्नं अण्णांनी वाजवली ते सगळे. वाडीतला तो पिवळ्या पटक्याचा म्हाताराही दिसला. तात्या पुढच्या रांगेत बसले होते पण आमच्याकडं पाठ करून. भानूदादा दारात उभा राहून प्रत्येकाच्या हातात पुस्तक देत होता आणि मी खांबाआडून बघत होते. सोनटक्के अगदी बरोबर होते. लोकांनी पुस्तक घेतलं, कपाळाला लावलं आणि त्यानं वारा घ्यायला सुरुवात केली. काहींनी उघडलं ते आपला फोटो बघायला. जावयांनी रांगा मोजल्या. एका बाईनं मांडीवरच्या लेकराखाली घातलं. कीर्तन सुरू झालं, संपलं, अण्णांच्या फोटोवर फुलं पडली, आणि अख्ख्या मांडवात एका माणसानं एक ओळ वाचली नव्हती. पुणं गेलं, पुस्तक गेलं, आता ही माणसं जेवतील आणि घरी जाऊन ते फडताळावर टाकतील, असं मनाशी म्हणत मी पदराचं टोक पिळत उभी होते.

पंगतीची पानं मांडायला पोरं उठली. तेवढ्यात भानूदादानं कीर्तनकारबुवांच्या हातातला माइक मागून घेतला.

"जरा बसा," तो म्हणाला. माइक त्याला नीट धरता येत नव्हता. "पुस्तक फुकाट वाटलंय. फुकाटचं कोण वाचत न्हाई, मला ठावं हाय. म्हणून एक प्रकरण मी वाचून दावतो. मग जेवा."

लोक कुरकुरले. ऊन चढलं होतं, आमटीचा वास सुटला होता. भानूदादानं चष्मा लावला, पान शोधलं आणि ओळीवर बोट ठेवलं. सातवीत शाळा सुटलेला माणूस, एकेक शब्द चाचपत वाचत होता.

"मास्तरांच्या... बँडात... क्लारनेट वाजवणारं जे पोरगं... लोकांना ठाऊक होतं... ते पोरगं मी."

तिथं तो थांबला. मांडवात कुणी तरी खुसखुसलं. त्यानं पुस्तकातून डोकं वर काढलं, बायकांच्या बाजूला मला शोधलं आणि माझ्याकडं हात केला.

"हितं 'मी' म्हंजी मी न्हवं," तो म्हणाला. "ही. शालन. म्या ढोल वाजवत हुतो. क्लारनेट मला कदी आलीच न्हाई."

मग कुणी खुसखुसलं नाही. तात्यांची मान आणखी खाली गेली. वारा घेणारे हात थांबले, आणि मला तिथून पळून जावंसं वाटलं. बायकांच्या बाजूनं, पार मागून, एका म्हातारीचा आवाज आला. कोण होती ते मला आजतागायत कळलेलं नाही.

"आमास्नी ठावं हाय रं लेकरा," ती म्हणाली. "म्होरं वाच."

भानूदादानं पुन्हा ओळीवर बोट ठेवलं आणि तो पुढं वाचायला लागला. प्रकरण मोठं होतं. पंगतीला बराच उशीर झाला, पण मधे कुणी उठलं नाही.